गाडीच्या गळ्यातली घंटी

कामठीच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. शालिकराम भोयर तिथे लोखंडी कपाट घ्यायला गेले आणि अँब्युलन्स घेऊन आले.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. नागपुरात सक्करदऱ्यातल्या घरी सुभद्राबाईंनी कपाटासाठी भिंतीजवळची जागा रिकामी करून, झाडून-पुसून ठेवली होती. संध्याकाळी गल्लीत घरघर ऐकू आली म्हणून त्या ओसरीवर आल्या. दारात एक लांबुळकी हिरवी मोटार उभी होती, तिच्या बाजूवर पांढऱ्या गोलात लाल फुली होती, आणि पुढच्या दारातून त्यांचा नवरा खाली उतरत होता.

"कोणाले काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोणाले काही नाही झालं. आपली आहे."

सुभद्राबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "कपाट आतमध्ये आहे का?" त्या म्हणाल्या.

शालिकरामांचं शहरातल्या महाल भागात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे ते उमरेडकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. लहानपणी त्यांना गुरं राखायला पाठवत, आणि ते झाडाखाली बसून गावातल्या एकुलत्या एका रेडिओच्या पोटात काय असेल याचा विचार करत. गुरं दुसऱ्याच्या वावरात शिरत. शेवटी वडिलांनी शेती थोरल्या भावाकडे ठेवली आणि याला नागपूरला एका रेडिओवाल्याच्या हाताखाली धाडला. तिथे त्यांचं बरं चाललं. पुढे स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं, दोन मुली झाल्या. फक्त एक खोड राहिली. जी वस्तू नीट चालू आहे तिच्यात काहीतरी सुधारणा केल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. घरातल्या शिलाई मशीनला त्यांनी पंख्याची मोटर जोडली होती, तेव्हापासून सुभद्राबाई हातानेच शिवत.

गाडीचं इंजिन खोलून नव्याने बसवून दिलं ते कामठीच्या देवराव मिस्त्रीने. आतली कामं मात्र शालिकरामांनी स्वतः केली. स्ट्रेचर होते तिथे दोन फळ्या बसवल्या, दिवसा बाक आणि रात्री बिछाना. कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायला पत्र्याची चौकट केली, टपावर पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना सुभद्राबाईंच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचे पडदे लावले. वरून निळा रंग दिला. सुट्टी आली की सगळे निघत, कधी रामटेक, कधी पचमढी, जागा दिसेल तिथे थांबायचं, स्वयंपाक करायचा, तिथेच झोपायचं. शालिकराम तिला फिरता बंगला म्हणत. गल्ली तिला मुर्दागाडी म्हणे. रंगाचा त्यांनी एकच हात दिला होता, त्यामुळे वर्षभरात उन्हाने लाल फुली खालून पुन्हा दिसू लागली. खेड्यात गाडी थांबली की बायका तापाची पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहत. दोन-तीन ठिकाणी शालिकरामांनी समजावून पाहिलं, मग घरातल्या तापाच्या गोळ्यांची बाटली गाडीतच ठेवायला सुरुवात केली.

शहात्तरच्या हिवाळ्यात शेजारच्या रुपराव ढोबळ्यांची स्कूटर चोरीला गेली. रुपरावांनी त्या स्कूटरसाठी नंबर लावून कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. ती भर बाजारातून गेली आणि गेलीच. रुपराव महिनाभर सुतक असल्यासारखे हिंडले. शालिकरामांना झोप येईना. खिडकीतून फिरता बंगला दिसतो का, हे पाहायला ते रात्रीतून उठत.

देवराव मिस्त्रीने साधा उपाय सांगितला. "चोर स्विच लावून देतो. सीटमागं लपवलेलं एक बटन. ते दाबल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. चोराचा बाप आला तरी नाही."

उपाय सोपा होता, स्वस्त होता आणि खात्रीचा होता. शालिकरामांना तो आवडण्याचं काही कारण नव्हतं.

"चोर थांबला तर आपल्याले काय समजन?" ते म्हणाले. "गाय रानात गेली तर तिले आपण बांधून ठेवतो का? गळ्यात घंटी बांधतो. जिकडं आवाज, तिकडं गाय. मी गाडीच्या गळ्यात घंटी बांधतो. चोराले ऐकू येणार नाही, मले येईन."

देवराव हसून म्हणाला, "घंटी असूनच तर तुमच्या गाई दुसऱ्याच्या वावरात जात होत्या ना गा?" शालिकरामांनीच त्याला ते कधीतरी सांगितलं होतं.

घंटी म्हणजे एक डबा. चहाच्या डब्यात त्यांनी रेडिओचे चार भाग असे जोडले की तो स्वतःच बारीकसं रेडिओ स्टेशन झाला. त्यातून गाणी येत नसत, नुसती एकसुरी 'घूंऽऽ' निघे. डबा ड्रायव्हरच्या सीटखाली फळी ठोकून लपवला, वीज गाडीच्या बॅटरीची, आणि एक बारीक तार टपावरच्या टाकीमागून फिरवली. खिशातला ट्रान्झिस्टर डायलच्या एका ठरावीक जागी लावला की ती घूं ऐकू येई. ट्रान्झिस्टर हातात फिरवला की आवाज एका बाजूला मोठा आणि एका बाजूला बारीक होई, त्यावरून दिशा कळे. असा डबा चालवायला सरकारचा परवाना लागतो हे शालिकरामांना ठाऊक होतं. म्हणून तर तो लपवलेला होता, चोरापासून आणि सरकारपासूनही.

त्यांनी गाडी गल्लीच्या टोकाला उभी केली आणि डोळे मिटून, ट्रान्झिस्टर कानाला लावून तिच्यापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा खांबाला धडकले, पण पोहोचले. त्या दिवशी त्यांना आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात दुकानात गर्दी वाढली. गल्लीतले लोक एकामागून एक रेडिओ घेऊन येऊ लागले. कुसुमताईंच्या रेडिओत संध्याकाळी बातम्यांच्या वेळी घरघर येत होती. मागच्या घरच्या मास्तरांच्याही येत होती. शालिकराम रेडिओ उघडत, ब्रशने साफ करत, एखाद्या जोडाला डाग देत आणि लावून दाखवत. महालातल्या दुकानात तो स्वच्छ बोले. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी तोच रेडिओ पुन्हा काउंटरवर. शालिकरामांनी यावर पुष्कळ विचार केला. हल्लीचे भाग हलके येतात, असं त्यांनी एकाला सांगितलं. तुमच्या भिंतीला ओल आहे, असं दुसऱ्याला. मास्तरांना त्यांनी रेडिओचं तोंड पूर्वेकडे करायला लावलं.

रविवारी सगळे गाडीने उमरेडला जाऊन आले. सोमवारी कुसुमताई दारात येऊन सुभद्राबाईंना म्हणाल्या, "काल काय मस्त लागला वं रेडिओ. एक घरघर नाही. तुमच्या घरच्यांचा हात चांगला आहे, उशिरा गुण येते, पण येते."

शालिकराम आत जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. रविवारी गाडी गल्लीत नव्हती. संध्याकाळी गारवा पडला की डब्याचा सूर सरकत असणार आणि सरकत सरकत नागपूर केंद्रावर जाऊन बसत असणार. गल्लीभरच्या रेडिओंना जो रोग झाला होता तो त्यांच्याच सीटखाली बसून होता, आणि ते लोकांना भिंतीची ओल सांगत होते.

"काय झालं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"काही नाही. तिखट जास्त झालं," शालिकराम म्हणाले.

त्या रात्री त्यांनी डब्याचा सूर डायलच्या पार टोकाला नेला, जिथे कोणी काही ऐकत नाही. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण उघडलेला डबा तसाच बंद करणं त्यांना जमत नसे. आवाज लांब जावा म्हणून त्यांनी त्यात मोटारीतल्या एका जुन्या रेडिओचा मोठा व्हॉल्व्ह, दिव्यासारखा तापणारी काचेची नळी, बसवला. आता माझी घंटी कामठीपर्यंत ऐकू जाईल, असं त्यांनी स्वतःलाच सांगून टाकलं. मोजून कोण पाहणार होतं? व्हॉल्व्ह तापला की सीट उबदार होई. थंडीत ते त्यांना बरंच वाटलं.

गाडी गेली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी, महालातून. शालिकरामांनी ती दुकानाशेजारच्या बोळात लावली, डब्याचं बटन चालू केलं आणि आत जाऊन काम करत बसले. चहा प्यायला बाहेर आले तर बोळ रिकामा. एक बकरी मात्र तिथे उभी होती.

कोणाही माणसाला अशा वेळी धक्का बसला असता. शालिकरामांनाही बसला. पण त्याच्या खालोखाल दुसरंही काहीतरी हललं, आणि ते काय आहे हे ओळखून त्यांना पुढे कितीतरी वर्षं स्वतःचंच हसू येत राहिलं. त्यांना आनंद झाला होता. घंटी खरोखर वाजवून पाहायची वेळ आली होती.

रुपराव जवळच एका पेढीवर कामाला होते. ते धावत आले. "चला पोलिसात," ते म्हणाले.

"पोलिसाले डब्याचं काय सांगू? बिनपरवान्याचा आहे. आपणच पकडतो चोराले." शालिकरामांनी ट्रान्झिस्टर काढला, काटा टोकाला नेला आणि फिरवून पाहिला. दक्षिणेकडे तोंड केलं की घूंऽऽ मोठी झाली. "उमरेड रोडनं चालला लेकाचा. माह्या गावाकडं घेऊन चालला."

रुपरावांकडे आता सायकल होती. ते पुढे पेडल मारू लागले, शालिकराम मागे कॅरिअरवर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले. सक्करदऱ्यावरून जाताना आवाज अजून वाढला. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना वावरं लागली. आवाज कधी मोठा होई, कधी बारीक.

"काय म्हणून राहिली घंटी?" रुपराव धापा टाकत विचारत.

"जवळ आहे. आता लांब गेला. आता पुन्हा जवळ. चोराले गाडी चालवता येत नाही वाटते, थांबून थांबून चालला."

रुपरावांचा शर्ट घामाने भिजला. एका ठिकाणी त्यांनी सायकल थांबवून वर पाहिलं. रस्त्याच्या कडेने विजेच्या तारांचे खांब ओळीने चालले होते. खांबाजवळ आलं की आवाज मोठा होत होता, दोन खांबांच्या मध्ये बारीक. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते त्यांनी कधी कबूल केलं नाही. रेडिओतलं आपल्याला काय कळतं, असा त्यांचा विचार असावा. ते पुन्हा पेडल मारू लागले.

खांबांची ओळ हुडकेश्वरजवळ डावीकडे वळली आणि घूंही वळली. दोघे वावराच्या बांधावरून सायकल ढकलत निघाले. पुढे पळसाच्या आडोशाला काहीतरी निळं दिसलं तेव्हा शालिकरामांनी रुपरावांचा दंड धरला. ट्रान्झिस्टर आता नुसता ओरडत होता. दोघांनी एकेक काठी उचलली आणि वाकून, पाय न वाजवता पुढे गेले.

निळं होतं ते विहिरीवरच्या शेडचं दार. शेडमध्ये पाण्याची मोटर होती. बाजूला एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आले का?" बाई म्हणाली. "चार दिवसांपासून निरोप धाडून राहिली मी. मोटर नुसती बोंबलून राहिली अन् पाणी काही चढून नाही राहिलं. अन् काठ्या काहून आणल्या? सामान कुठं आहे?"

वीज मंडळाची माणसं आली आहेत असं तिला वाटलं होतं. तिचं नाव रुखमाबाई. ट्रान्झिस्टर हातात धरून शालिकराम मोटरीजवळ गेले, तसा तो अधिकच किंचाळला.

"बाई, ही मोटर जराशी बंद करता का?"

रुखमाबाईंनी खटका खाली केला. मोटर थांबली आणि ट्रान्झिस्टरही गप्प झाला. बगळा उडाल्याचा आवाज ऐकू यावा इतकं शांत झालं. शालिकरामांनी स्वतःच हात पुढे करून खटका वर केला. घूंऽऽ. खाली केला. गप्प. वर केला.

"बिघडवाल अजून," रुखमाबाई म्हणाल्या.

रुपराव बांधावर खाली बसले. "म्हणजे आपण सकाळपासून हिची मोटर शोधून राहिलो होतो," ते सावकाश म्हणाले. "डबलसीट."

शालिकरामांनी मान हलवली. तारांची गुणगुण ट्रान्झिस्टरवर येते हे त्यांच्या दुकानात शिकायला येणाऱ्यालाही पहिल्या महिन्यात कळत असे. त्यांनीच ते कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण आज सकाळपासून त्यांना घूं ऐकायची होती, म्हणून त्यांनी घूं ऐकली. स्वतःचा डबा कुठेतरी दूर, बहुधा उलट्याच दिशेला होता आणि त्याचा आवाज दोन-तीन गल्ल्यांपलीकडे जात नव्हता. गाडी गेल्याचं दुःख त्यांना खरं तर तेव्हा झालं. पडदे आठवले. पचमढीला मुली टपावर चढून बसल्या होत्या ते आठवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते धुराचं आहे असं दाखवलं, पण आसपास कुठे धूर नव्हता.

गाडीची हकीकत ऐकून रुखमाबाईंनी मोटरीचा विषय सोडला. "गाडी गेली ते गेली, भूक काहून मारता?" त्या म्हणाल्या. त्यांनी दोघांना घरी नेलं, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, भरीत केलं आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. शालिकरामांनी तीन खाल्ल्या. इतक्या दुःखात आपल्याला तीन भाकरी कशा जातात, याचं त्यांना वाईटही वाटलं. जेवण झाल्यावर ते मोटर बघतो म्हणून उठले, तेव्हा रुपरावांनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

परत येईपर्यंत दिवे लागले होते. येताना सायकल शालिकरामांनी मारली, रुपराव मागे बसले. गल्लीच्या तोंडाशी दोघे उतरले. सुभद्रेला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत शालिकराम चालत होते.

फिरता बंगला दारात उभा होता.

ओसरीवर देवराव मिस्त्री चहा पीत बसला होता आणि सुभद्राबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते, पण आवाज नेहमीचाच होता. "कुठं गेले होते?" त्यांनी विचारलं.

शालिकराम गाडीला हात लावून उभे राहिले.

हकीकत देवरावने सांगितली. दुपारी कामठीत, त्याच्या गॅरेजपासून थोड्या अंतरावर, एक माणूस चहा प्यायला थांबला होता. चहा पिऊन आला तर गाडी चालू होईना. लोकांनी ढकलून पाहिली, तरी नाही. कोणीतरी त्याला म्हणालं, इथे जवळच मिस्त्री आहे. तो माणूस स्वतःच देवरावला बोलवायला आला.

"मी जाऊन पाहतो तर माह्याच हातचं इंजिन," देवराव म्हणाला. "म्हटलं, मालक कोण? तर म्हणते, मीच मालक. म्हटलं, बसा साहेब, बॅटरी घेऊन येतो. अन् एका पोऱ्याले पोलिसाकडं पिटाळला. त्याले काय वास आला कोणास ठाऊक, हातमागवाल्यांच्या गल्लीतून असा पळाला की चप्पल तिथंच." मग त्याने कप खाली ठेवला. "पण मले एक सांगा. सीटखाली तो डबा कायचा आहे? तवा झाला होता तापून. सगळी बॅटरी त्यानंच पिली. म्हणून तर चालू नाही झाली. दुसरी बॅटरी लावून आणली मी."

ओसरीवर सगळे शालिकरामांकडे पाहू लागले. त्या क्षणी त्यांच्या मनात एक सुरेख उत्तर तयार झालं. चोराची बॅटरी संपवण्यासाठीच तो डबा लावला होता, सगळं आधीच ठरवलं होतं. कोणाला खरं-खोटं कळलं असतं? फक्त रुपराव तिथे होते, घामेजलेले, शर्टाला भरताचा डाग लागलेले, आणि ते त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"चोर कुठं गेला ते सांगायले लावला होता," शालिकराम म्हणाले.

"मग, सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं ना. हुडकेश्वर म्हणाला."

पहिल्यांदा सुभद्राबाईंना हसू फुटलं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि आतूनही हसण्याचा आवाज येत राहिला. मग रुपराव सगळं पहिल्यापासून सांगू लागले, खांब, बांध, काठ्या, आणि शालिकराम मध्ये मध्ये त्यांना विसरलेलं आठवून देऊ लागले. मोटरीचा खटका आपण तीन वेळा खाली-वर केला हे त्यांनीच सांगितलं. रुपरावांनी ते दयेपोटी गाळलं होतं.

पुढे ही हकीकत ते दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. कुसुमताईंकडे आणि मास्तरांकडे त्यांनी घरघरीचंही खरं सांगून टाकलं. मास्तरांनी लगेच रेडिओचं तोंड परत पश्चिमेकडे केलं. देवरावने डबा काढून टाकला आणि चोर स्विच बसवला. तो इतका चांगला लपवला होता की पहिल्या दोन महिन्यांत शालिकरामांना तीनदा गल्लीतल्या लोकांकडून गाडी ढकलून घ्यावी लागली. चौथ्यांदा सुभद्राबाई घरातून आल्या, सीटमागे हात घालून बटन दाबलं आणि परत गेल्या.

त्यानंतर एके दिवशी त्यांनीच देवरावला निरोप पाठवला. मला गाडी शिकव म्हणाल्या. तेव्हा त्यांचं वय चाळीसच्या पुढे होतं. पहाटे छावणीच्या मोकळ्या मैदानात देवराव त्यांना शिकवी. सुरुवातीला शालिकराम सोबत जात आणि इतक्या सूचना देत की देवरावने त्यांना मैदानाच्या कडेला उतरवून ठेवायला सुरुवात केली. ते तिथे थंडीत उभे राहून गोल गोल फिरणारी गाडी पाहत आणि गियर बदलायची वेळ आली की लांबूनच हात हलवत. गाडीतून ते कोणाला दिसत नसे.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर सगळे रामटेकला निघाले. सुभद्राबाई चालवत होत्या, शालिकराम बाजूला बसले होते. कन्हानचा पूल आला तेव्हा समोरून कोळशाचा ट्रक आला. शालिकरामांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल संपला होता.

"भेव लागलं का?" सुभद्राबाईंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"मले? नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "हो. लागलं."

"मलेपण," सुभद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी कडेच्या चिंचेखाली घेतली. मुलींनी स्टोव्ह पेटवला. चहा होईपर्यंत एक बाई ताप आलेलं मूल घेऊन येऊन उभी राहिली, आणि शालिकराम गोळ्यांची बाटली शोधायला आत गेले.